द्वादशीच्या भाकरी

यवत,
ज्येष्ठ अमावास्या

प्रिय सये,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. उत्तराला उशीर का झाला हे तुला सांगायला नको. ज्येष्ठ लागला की यवतच्या बाईला दुसरं काही सुचत नाही. तीन दिवसांमागे पालखी येऊन गेली. आज कुठं आवराआवर संपली, मोठ्या पराती माळ्यावर गेल्या, आणि पोळलेल्या बोटांना खोबरेल लावून तुला लिहायला बसलेय.

तू विचारलंस ते चूल पेटवताना, पीठ चाळताना सारखं डोक्यात होतं. तुमच्या बेंगळुरूच्या सोसायटीत चारशे घरं, गणपती थाटात बसतो, मंडप सजवायला माणसं ठरवलेली, प्रसादाची पाकिटं आयती येतात, आणि आरती झाली की जो तो पाकीट घेऊन लिफ्टनं वर जातो. यंदा उत्सवाची जबाबदारी तुझ्यावर आलीय आणि तू विचारतेस, माणसं एकत्र आणू कशी? मी कधी कुठलं मंडळ चालवलं नाही गं. पण अख्खं गाव एका दिवसासाठी एका कामाला कसं लागतं ते जन्मापासून बघतेय. मला गावातच दिली म्हणून तुम्ही सगळ्या चिडवायचात ना, त्याचा हा फायदा. तू दहावीनंतर गेलीस. तोवर आपण नुसत्या भाकरींच्या पाट्या वाहायचो. चुलीपुढचं तू बघितलंच नाहीस, म्हणून तेच सांगते.

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुण्यात दोन रात्री थांबते, मग लोणी काळभोर, मग आपण. लोणी ते यवत ही चाल मोठी. दुपारी उरुळी कांचनला विसावा, आणि तिथून पुन्हा सोलापूर रस्त्यानं ऊन-पाऊस अंगावर घेत पुढं. त्यात पालखी लोणीच्या आसपास असते तेव्हाच योगिनी एकादशी येते. शाबू आणि केळ्यांवर दिवस काढलेली, पाय भेंडाळलेली माणसं द्वादशीच्या संध्याकाळी काळभैरवनाथाच्या देवळापाशी टेकतात. वाटेवर गोडधोड, फळं, बिस्किटं देणारे पुष्कळ भेटतात. पण अशा पोटाला हवी असते ती गरम पिठल्याशी भाकरी आणि वर लसणाचा ठेचा. आपल्या गावानं तेच धरलं आणि सोडलं नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली म्हणतात. आपली पिठलं-भाकरी कधीपासूनची, हे मी आत्याबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तवा माझ्या सासूच्या हाताला घट्टे होते, एवढं बघ."

आता मुद्द्याचं. पिठलं शिजतं देवळाच्या आवारात. मोठाल्या कढया, खाली लाकडाचा जाळ, फोडणीच्या आधणात कालवलेलं बेसन धारेनं ओतायचं आणि दोघातिघांनी हात न थांबवता घोटत राहायचं, नाहीतर गाठी धरतात. ते काम पुरुषांचं, आणि खरं सांगते, आपल्या गावचे पुरुष ते फार जीव लावून करतात. माणसं वाढली की कढई मोठी आणायची किंवा आणखी एक लावायची. पण भाकरीचं तसं नाही. तवा मोठा करून भाकरी जास्त होत नाहीत. एक गोळा, दोन हात, एक तवा, आणि आरावर फुगेपर्यंत जाईल तेवढा वेळ. बाई कितीही चपळ असो, त्या वेळात एकच भाकरी होते. म्हणून हजारो माणसांना पुरायच्या तर चुलीही तेवढ्याच पेटायला हव्यात. एखादा पैसेवाला म्हणाला की सगळा खर्च मी करतो, तरी त्याला भाकरीसाठी शंभर दारांत जावंच लागेल. मला वाटतं, आपलं गाव या भाकरीनंच बांधलेलं राहिलंय. पिठलं एकट्यादुकट्यानं केलं असतं तरी चाललं असतं.

यंदा हे मला जरा जास्तच लख्ख कळलं, कारण आमच्या आळीत वेगळाच विषय निघाला. दोन-तीन पोरं म्हणाली, बायकांना कशाला त्रास, घरटी वर्गणी काढू आणि पुण्याहून भाकरी करून आणू. हल्ली पोळी-भाकरी करून देणारे पुष्कळ झालेत, टेम्पो भरून येतील. पोरं वाईट मनानं बोलत नव्हती. त्यातल्या एकाच्या आईचा खांदा धरलाय, तिला हात वर होत नाही. आणि त्यांच्या बोलण्यात खरंही होतं. आजवर पुरुष पाट्या मोजून न्यायचे आणि बायका दुपारपासून धुरात. माझी आई एका वर्षी ताप अंगात घेऊन चुलीपुढं बसली होती. तिला ऊठ म्हणायला कुणी आलं नाही. ते मी विसरलेले नाही.

तरी मी वर्गणीला नाही म्हणाले. भांडलेच म्हण ना. म्हटलं, त्रास होतो तर काम वाटून घ्या, भाकरी कशाला घराबाहेर घालवता? भाकरी बाईनंच थापायची असं तुकोबांनी कुठं सांगितलंय? आत्याबाई आधी गप्प होत्या, मग म्हणाल्या, "पीठ मळायला काय मिशा आड येतात का?" झालं. द्वादशीला आमच्या ओसरीत माझा धाकटा पीठ चाळत होता, ह्यांनी मळायचं घेतलं, आणि त्या आजारी बाईचा मुलगा जाळ घालायला येऊन बसला. ह्यांच्या हाताला अंदाज नव्हता, पहिले दोन घाणे सैल झाले. पण तिसऱ्यापासून मला गोळा हातात घेतल्यावर नुसता थापायचाच राहिला. खांदा निम्म्यानं कमी दुखला, ही शपथेवर सांगण्यासारखी गोष्ट आहे.

आमच्या घराला ६० भाकरींचा वाटा. गिरणीवर ऐन वेळी गर्दी होते म्हणून मी ज्वारी दहा दिवस आधीच दळून आणली होती, आणि तिथंच चुकले. दमट हवा, त्यात डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. दहा-बारा भाकरी झाल्या आणि पुढच्या डब्यातलं पीठ विरी गेलेलं निघालं. उकळतं पाणी घालून बघितलं, उकड काढून बघितली, पण गोळा थापला की कडा फाटतात, उचलायला जावं तर तुकडा हातात. दुपारचे दोन वाजून गेले होते. रस्त्यावर पुढच्या दिंड्यांचे ट्रक दिसायला लागले होते. मला रडूच फुटलं.

आता ऐक. आमच्या शेजारच्या घराशी बांधावरून चार वर्षं बोलचाल बंद आहे. तालुक्याच्या कोर्टात तारखा चालू आहेत. त्यांच्या चुलीपुढं माझा आवाज गेला असणार. पाच मिनिटांत त्यांची नात दारात उभी, हातात पिठाचा डबा. "आजीनं दिलंय, आजचंच दळलंय," एवढं बोलली आणि पळाली. त्या पिठाच्या भाकरी अशा फुगल्या सये, दोन्ही पदर सुटे. संध्याकाळी डबा परत करायचा होता. रिकामा डबा आपण देत नाही. मी त्यात माहेरच्या गुळाचा खडा घातला आणि नातीच्याच हाती धाडला. कोर्टाची पुढची तारीख श्रावणात आहे. ती काही टळणार नाही. पण परवा नळावर त्या बाईंनी माझी घागर सरकवून आपली लावली नाही, थांबून राहिल्या. एवढंच झालंय, जास्त काही सांगत नाही.

दुसरी एक गोष्ट तुला मुद्दाम सांगायचीय, कारण तुमच्याकडं चारी मुलखांची माणसं आहेत. आमच्या मागच्या दोन खोल्या बिहारच्या एका कुटुंबाला भाड्यानं दिल्यात. तो कुरकुंभच्या कारखान्यात जातो, ती घरी असते. दीड वर्षात तिची-माझी बोलणी म्हणजे पाणी आलं, पाणी गेलं. द्वादशीला ती दारात उभी राहून बघत होती. मी हातानंच ये म्हटलं. काठवटीवर थापायला तिला जमेना. मग तिनं गोळा उचलला आणि दोन तळव्यांमध्ये थोपटत, फिरवत वाढवला. तिकडं मक्याची रोटी अशीच करतात म्हणाली. जाड होती, कडेला ओबडधोबड, पण अखंड. मी जरा घुटमळले, पाटीत घालू का नको. आत्याबाईंनी तिचे हात बघितले आणि त्यांचा चेहराच बदलला. "अगं, ही तर हातावरची भाकरी! माझी आई अशीच करायची, काठवट कुठं होती तिच्याकडं?" मग काय, दोघी शेजारी बसल्या, एकीला मराठी कळेना, दुसरीला हिंदी, आणि ११ भाकरी हातावरच्या झाल्या. देवळात पाटी उतरवताना त्या मी वर ठेवल्या होत्या.

बाकी गावात काय काय चाललं होतं ते थोडक्यात सांगते. न्हाव्यांनी झाडाखाली खुर्च्या टाकून फुकट दाढ्या केल्या. चपला सांधणारे रांगेनं बसले होते. डॉक्टरांच्या पथकांनी पायांचे फोड बांधले. पोरं तेल घेऊन म्हाताऱ्यांचे पाय चेपत होती. आणि पहाटे शिट्ट्या घेऊन फिरणारी कॉलेजची मुलं! पूर्वी पालखी गेल्यावर चार दिवस ओढ्याकडं जाववत नसे, तुला आठवतं. आता ओळीनं फिरती शौचालयं लागतात आणि ही मुलं हात जोडून माणसांना तिकडं वळवतात. मला त्या मुलांचं फार कौतुक वाटतं. गजर करणं सोपं आहे, हे काम सोपं नाही.

सगळ्यात वाईट वर्ष २०२०चं. पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं थेट पंढरपूरला गेल्या. त्या द्वादशीला रस्ता इतका मोकळा होता की उभं राहवेना. आत्याबाईंनी तरी चूल पेटवली. मी म्हटलं, कुणासाठी? त्या काही बोलल्या नाहीत. २० भाकरी केल्या, मूठभर बेसनाचं पिठलं केलं, आणि ह्यांनी ते नाक्यावर उभ्या असलेल्या पोलिसांना नेऊन दिलं. दुसऱ्या वर्षीही तसंच. २०२२ला पालखी पुन्हा पायी आली तेव्हा लांबून टाळ ऐकू आले आणि आमची अख्खी आळी, पिठाचे हात तसेच घेऊन, रस्त्यावर पळाली होती.

तर तुझ्या गणपतीचं. तू कार्यक्रम वाढवू नकोस. गाण्याची स्पर्धा, वेशभूषा, याला माणसं येतील, बघतील आणि जातील. तू त्यांना काम दे, आणि असं काम दे जे एकट्यानं उरकणार नाही आणि पैशानं सुटणार नाही. मोदकच घे. मोदकाची उकड मोठ्या पातेल्यात निघेल, सारण एकीला करता येईल, पण पाऱ्या करायला आणि मुखऱ्या काढायला हातच लागतात. आयते आणू नका. खालच्या हॉलमध्ये सतरंज्या टाक, चतुर्थीच्या सकाळी घरटी एक माणूस बोलाव, बाई किंवा बुवा कुणीही, आणि प्रत्येकाला ११ मोदकांचा वाटा दे. ज्यांना मुखऱ्या येणार नाहीत ते नारळ खवतील. तुमच्या शेजारच्या कानडी बाई कडबू करतात म्हणालीस, त्यांना कडबूच करू दे आणि ते त्याच ताटात ठेव. पहिल्या वर्षी चारशेतली वीस घरं येतील. तेवढ्यावर नाराज होऊ नकोस. आणि मोडके मोदक बाजूला काढू देऊ नकोस कुणाला. विसर्जनानंतरचं निर्माल्य गोळा करायलाही नोकर माणसं लावू नका. ज्यांनी फुलं वाहिली त्यांनीच पाकळ्या वेगळ्या कराव्यात.

एक राहिलं. आमच्याकडं दर वर्षी रात्री टेकायला परभणीकडच्या एक बाई यायच्या, डोक्यावर तुळस असलेल्या. अकरा वर्षं ओसरीच्या त्याच कोपऱ्यात त्यांची पथारी. यंदा त्या आल्या नाहीत. त्यांच्या दिंडीतल्या दुसऱ्या बाईनं सांगितलं, गुडघ्याचं दुखणं आहे, पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. आणि कनवटीची पुरचुंडी सोडून माझ्या हातात दिली: त्यांच्या रानातली ज्वारी, पसाभर. म्हणाल्या होत्या, माझी भाकरी त्यांच्या पाटीत जाऊ दे. मला उलट निरोप धाडायचा होता, तेव्हा लक्षात आलं की त्यांचं नाव मला माहीत नाही. अकरा वर्षं त्या मला माउली म्हणतात, मी त्यांना माउली म्हणते.

पालखी आता बारामतीकडं सरकली असेल. मग काटेवाडीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतील, मेंढ्यांचं रिंगण होईल, आणि आषाढीपर्यंत आमचं लक्ष त्या रस्त्याला लागून राहील. ती पसाभर ज्वारी मी डब्यात निराळी ठेवलीय, पुढच्या वर्षीच्या दळणात घालायची आहे. तुझ्या आईची काठवट अजून माझ्याकडंच आहे. मधे चिरली होती, तिला पत्र्याची पट्टी मारून घेतलीय. पुढच्या वर्षी द्वादशीला रजा काढ. लेकीलाही आण. ज्वारी आदल्या दिवशीच दळू.

तुझी,
यवतचीच