बालवाडीत यमक म्हणवून घेऊ नका, ऐकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालवाड्या-अंगणवाड्यांत बडबडगीते रोज होतात. पण अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो तेव्हा गाणे ओढणारी पोरे दोन-तीनच असतात. बाकीच्यांचे हातवारे तेवढे पाठ होतात. ओळीचा शेवटचा शब्द मुलांसाठी सोडणे चांगलेच, मात्र गाणे पाठ असेल तर ती फक्त आठवण. यमक कानाला कळले का, हे तिथल्या तिथे जुळवलेल्या नव्या दोन ओळींवरच समजते.

साडेतीन-चार वर्षांच्या मुलांसाठी अवयवांचा खेळ सर्वांत सोपा. सहा-आठ मुले गोल बसवावीत. ताई ‘चाक’ म्हणाल्या की नाकाला हात लावायचा, ‘गोळा’ म्हणाल्या की डोळ्याला, ‘गाय’ म्हणाल्या की पायाला. ‘भात’ला कुणी हात दाखवेल, कुणी दात, दोन्ही बरोबर. ताईंनी स्वतःचे हात मांडीखाली ठेवावेत, नाहीतर मुले शब्द न ऐकता ताईंची नक्कल करतात. बोलावे लागत नसल्याने लाजरी मुलेही खेळतात. घरी वारली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्याच बोलीतल्या जोड्या घ्याव्यात.

मग विजोड शब्द शोधणे. पिशवीतून वाटी, पाटी आणि फूल काढून नावे घ्यायची, वेगळे कोण? इथे फुलाऐवजी चमचा ठेवला की मूल वाटी-चमचा अशी जोडी लावते. अर्थाने ते बरोबरच आहे, चूक वस्तू निवडणाऱ्याची. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या संशोधकांनी इंग्लंडमध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांची अशीच विजोड शब्दांची चाचणी घेतली होती. ज्यांना ती जमली ती मुले पुढे वाचनातही सरस दिसली, हे त्यांनी १९८३ मध्ये मांडले. इंग्रजी वाचनाचा हिशेब मराठीला जसाच्या तसा लागू होत नाही, पण खेळ मात्र उचलण्याजोगा आहे.

स्वतः जोडी सांगणे सर्वांत अवघड. ते चार वर्षांनंतरच. ‘मासा’ला मुलाने ‘टासा’ म्हटले तर शाबासकी द्यावी. सटरफटर, आंबटचिंबट म्हणणाऱ्या भाषेत निरर्थक शब्दाला नाके का मुरडावीत? उलट ‘गेला-बसला’ला यमक म्हणून चालवून घेऊ नये. तिथे फक्त प्रत्यय जुळतो. सुरुवातीला फूल-मूल, पोट-बोट असे छोटे शब्दच घ्यावेत.

आद्याक्षरावर जोर देण्याची सवय सर्वांत नडते. ‘पाटी’तला ‘प’ ठासून म्हटला की मूल ‘पाणी’ आणून देते. जोर पुढच्या भागावर हवा: वाऽटी, पाऽटी. मूल ‘पानी-नानी’ जुळवत असेल तर त्या वेळी ‘ण’चा धडा नको, त्याच्या कानाला ते यमक पक्के आहे. भिंतीवरचे अक्षरतक्तेही खेळाच्या पाच-सात मिनिटांत झाकून ठेवावेत, कारण अक्षरे दिसली की ताईंचे बोट आपोआप तिकडे वळते.

महिनाभर रोज खेळूनही एखाद्याला काहीच उमगत नसेल, तर आधी पालकांना त्याचे कान तपासून घ्यायला सांगावे. सततच्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठते, ऐकू कमी येते आणि असे मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून मागच्या रांगेत बसवले जाते.

– एक बालवाडी प्रशिक्षिका, पालघर