केळीवाल्या राष्ट्राध्यक्षाची गोष्ट, दादाच्या तिकिटाच्या निमित्तानं

ती. आई-बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

आई, तू फोनवर म्हणालीस, दादा जिल्हा परिषदेला उभा राहायचं म्हणतोय आणि बाबा हो की नाही काहीच बोलत नाहीत. रोपवाटिका जोरात आहे, नाल्याकाठी स्वखर्चानं लावलेली झाडं वाढलीत, पंचक्रोशीत नाव आहे. मग पुढारी दारात येणारच. फोनवर मला नीट सांगता येईना, म्हणून लिहितेय.

इथे मॉन्ट्रियलमध्ये हैती या कॅरिबियन देशाची माणसं पुष्कळ. ऑफिसात माझ्या शेजारी बसते ती तिथलीच. तिच्या डब्यात कच्च्या केळ्याचे जाड काप असतात: एकदा तळायचे, दाबून चपटे करायचे, पुन्हा तळायचे, सोबत कोबीचं जाळ लोणचं. मी रावेरची, केळीच्या घरची, हे कळल्यावर म्हणाली, "आमच्याकडे तर केळीवालाच राष्ट्राध्यक्ष झाला होता." मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

जोवनेल मोईझ. जन्म १९६८, ईशान्य हैतीतल्या त्रू-द्यु-नोरचा. आधी गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, मग छोटी केळीबाग, पिण्याच्या पाण्याचा धंदा. २०१२ मध्ये गावाकडे 'अ‍ॅग्रीट्रान्स' कंपनी काढली, योजना हजार हेक्टरची. बाबा, म्हणजे अडीच हजार एकर! आपली रावेरची मंडळी आखातात माल धाडतात, तसा यानं २०१५ मध्ये युरोपला धाडला. आधी ती जमीन कसणारे उठवले गेले, अशी तक्रारही झाली. पण फोटोत हिरवीगार बाग दिसे, तक्रार दिसत नसे.

त्या बागेचं एवढं अप्रूप का, हे हैतीचे डोंगर पाहिले की कळतं. तिथे चूल कोळशावर चालते. झाडं तोडून, भट्टी लावून, कोळशाची पोती ट्रकनं राजधानीला जातात. डोंगर बोडके झाले, की पाऊस अडवायला काही उरत नाही. २००४ च्या 'जीन' वादळात गोनाईव्ह शहरावर डोंगरावरून पाण्याचा आणि चिखलाचा लोंढा आला, हजारो माणसं गेली. अशा देशात कोणी घड लटकलेली बाग दाखवली, तर लोक भुलणारच. मीही भुलले असते.

मावळते राष्ट्राध्यक्ष मार्तेली यांनी याला पुढे केलं. कधी सरपंचकीही न केलेला माणूस, प्रचारात नाव एकच, केळीवाला. २०१५ चं मतदान घोटाळ्याच्या आरोपांत रद्द झालं, २०१६ मध्ये पुन्हा झालं. तो ५५ टक्क्यांवर मतं घेऊन निवडून आला खरा, पण मतदानाला पाचातला जेमतेम एक जण गेला होता. दोन वर्षांत चोवीस तास वीज देईन म्हणाला. ती काही आली नाही.

पुढे व्हेनेझुएलानं उधारीवर दिलेल्या तेलातून सरकारकडे उभे राहिलेले पैसे गेले कुठे, म्हणून २०१८ मध्ये लोक रस्त्यावर आले. २०१९ मध्ये लेखापरीक्षण न्यायालयाचा अहवाल आला, त्यात अ‍ॅग्रीट्रान्सचं नाव होतं. तो निवडून येण्याआधी एकाच रस्त्याच्या कामाचं कंत्राट दोन कंपन्यांना दिलेलं, आणि त्यातली एक ही! केळीच्या कंपनीला रस्त्याचं काम कसलं? त्यानं आरोप फेटाळले, पण लोकांच्या मनातून तो उतरला. ७ जुलै २०२१ च्या रात्री घरात घुसून त्याला गोळ्या घातल्या, बायकोही जखमी झाली. तो खून हे फार मोठं प्रकरण आहे, ते मी आपल्या गोष्टीत ओढत नाही.

मला घोर आहे तो कंत्राटाचा. दादाच्या रोपवाटिकेतून सरकारी वृक्षलागवडीला रोपं जातात ना? सदस्य झाल्यावर जिल्हा परिषदेचंच काम घेतलं तर सदस्यत्व जाऊ शकतं, कायदाच आहे तसा. आणि नर्सरी वहिनीच्या नावावर करून भागवायचं असं कोणी सुचवलं, तर गावाला ते पहिल्या दिवशी कळेल. त्याला म्हणावं उभा राहा, जरूर राहा. पण अर्ज भरण्याआधी सरकारी ऑर्डरी बंद कर, आणि नाल्याकाठच्या झाडांचा खर्च वहीत वेगळा लिही.

बाबा, तो माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. तेव्हा या वेळी गप्प बसू नका.

आई, गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या असतील, दादाला आणायला सांग.

तुमची,
मनू