जुन्याच फायबरमध्ये नवे पट्टे

संपादक महोदय,

डेटाची मागणी वाढली की नवी केबल टाकण्याचीच चर्चा होते; पण आधीच पुरलेल्या ऑप्टिकल फायबरमधील बऱ्याच तरंगलांबी वापराविना पडून असतात. लांब पल्ल्यासाठी प्रामुख्याने १५३० ते १५६५ नॅनोमीटरचा सी-बँड हा तरंगलांबींचा पट्टा वापरतात, कारण तेथे प्रकाशाची घट किलोमीटरला जेमतेम ०.२ डेसिबल असते आणि अर्बियम या मूलद्रव्याचे अ‍ॅम्प्लिफायर (क्षीण झालेला प्रकाश पुन्हा वाढवणारी उपकरणे) उत्तम चालतात. शेजारचा एल-बँडही अर्बियमवर भागतो. खरी अडचण आहे ती १४६० ते १५३० नॅनोमीटरच्या एस-बँडची, ज्याला थुलियम या दुसऱ्या मूलद्रव्याचे किंवा फायबरमधील प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारे रामन अ‍ॅम्प्लिफायर लागतात. शिवाय सर्व पट्टे एकत्र चालवले की रामन विकिरणामुळे (काचेत विखुरताना प्रकाशाची तरंगलांबी बदलण्यामुळे) आखूड तरंगलांबीची शक्ती लांब तरंगलांबीकडे झिरपते. तरीही खोदकामापेक्षा उपकरणे बदलणेच मला शहाणपणाचे वाटते. कंत्राटदारांचे मत अर्थातच वेगळे असेल.

– एक वाचक