लिंक घरी चालते, बाहेर अडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त गणित शिक्षिका. एचटीएमएल (वेबपाने लिहिण्याची भाषा) शिकून भूमितीच्या सोडवलेल्या उदाहरणांची एक वेबसाइट मी स्वतः बांधली. प्रत्येक उदाहरणाखाली ‘उत्तर पाहा’ अशी लिंक आहे. साइट सुरू झाली त्याच संध्याकाळी एका विद्यार्थिनीचा निरोप आला : ‘बाई, उत्तर उघडत नाही, ४०४ येतंय.’ माझ्या संगणकावर मात्र उत्तरांच्या सगळ्या लिंक बिनतक्रार चालत होत्या.

४०४ म्हणजे सर्व्हर (साइटची पाने ठेवून ती मागेल त्याला पाठवणारा संगणक) भेटला, पण मागितलेले पान त्याच्याकडे त्या नावाने नाही. माझ्या फाइलच्या नावात पहिले अक्षर कॅपिटल होते, लिंकमध्ये स्मॉल. माझ्या संगणकावरची विंडोज प्रणाली हा भेद सहसा मानत नाही, लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर चालणारा सर्व्हर मानतो. काही लिंक दाबल्यावर तर काहीच घडत नव्हते. त्यांत चक्क माझ्या संगणकातल्या सी ड्राइव्हचा पत्ता शिरला होता, तो बाहेरून कसा उघडणार? बाहेरच्या साइटच्या एका लिंकच्या सुरुवातीला ‘https://’ लिहायचे राहिले, म्हणून ब्राउझर ते पान माझ्याच साइटमध्ये शोधत होता. हे सारे अ‍ॅड्रेस बार (ब्राउझरमध्ये वर पानाचा पत्ता दिसतो ती पट्टी) नीट वाचल्यावर कळले. लिंक बिघडली की आधी तिथेच पाहावे.

फाइलना मी हौसेने देवनागरी नावे दिली होती. ती चालतात, पण पत्ता कॉपी केला की बहुधा टक्क्यांच्या चिन्हांची माळ हाती येते. ‘त्रिकोण’ या शब्दात संगणकाच्या लेखी हलन्त आणि मात्रा धरून ७ चिन्हे, यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाचे ३ बाइट (साठवणीची एकके), आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची ३ अक्षरे (टक्क्याचे चिन्ह आणि पुढे दोन) : एकूण ६३! मुलांनी हे वहीत कसे उतरवायचे? शीर्षके मराठीच ठेवून फाइलची नावे मी रोमन स्मॉल अक्षरांत केली. माझी खरी चूक इथे झाली. ज्यांनी जुने पत्ते जपून ठेवले होते, त्यांच्या सगळ्या लिंक तुटल्या. मग प्रत्येक जुन्या पत्त्यावर ३०१ लावले. ‘पान कायमचे हलले, नवा पत्ता हा’ असे ते ब्राउझरला सांगते. पत्ते बदलू नयेत, हे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवले आहे. मला ते उशिरा समजले.

वेबचे नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या संस्थेचा लिंक चेकर मोफत आहे आणि तुटलेल्या लिंक तो पटापट दाखवतो. तो जरूर वापरावा. पण १२व्या उदाहरणाची लिंक १३व्याचे उत्तर उघडत होती, ती त्याने बरोबर ठरवली. पान उघडले, त्याचे काम संपले. मी ओळ कॉपी करताना आकडा बदलायला विसरले होते. ४०४ दिसले तर मूल निदान विचारते तरी. चुकीचे उत्तर दिसले तर ते आपले बरोबर गणित खोडते. एका मुलीने तसे खोडले, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून स्वतःची साइट बांधणाऱ्या सर्वांना विनंती, की पान चढवल्यावर ते दुसऱ्याच्या फोनवर उघडा, एकेक लिंक दाबा आणि उघडलेले पान वाचून पाहा.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका