गाळ्याच्या कराराची मुदत संपल्यावर

मा. संपादक,
स. न.

इतवारीत माझे शिलाई यंत्रे दुरुस्तीचे दुकान किरायाच्या गाळ्यात आहे. मध्यंतरी शेजारच्या गाळ्याच्या भाडेपट्ट्याची मुदत संपली आणि दुसऱ्याच सकाळी मालकाने शटरला आपले कुलूप लावले. किराया चुकता असूनही शेजाऱ्याने तीन दिवस विनवण्या केल्या, माल काढला आणि गाळा सोडला. मुदतीबरोबर हक्कही संपतो, असेच त्याला आणि आम्हालाही वाटत होते.

कायदा तसे म्हणत नाही. जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४९ च्या भाडे नियंत्रण आदेशाखाली भाडे नियंत्रकाच्या परवानगीवाचून मालकाला भाडेपट्टा संपवण्याची नोटीसही देता येत नसे. ती अट गेली तेव्हा संरक्षणही गेले, असा आमच्याकडील जुन्या दुकानदारांचा समज आहे. परंतु ३१ मार्च २००० पासून लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा दुकानांनाही लागू आहे, आणि त्यानुसार नियमित किराया भरणाऱ्या भाडेकरूला केवळ मुदत सरली म्हणून काढता येत नाही. मालकाची स्वतःची खरी गरज, परस्पर पोटभाडेकरू ठेवणे यांसारखे कायद्यातील कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते. थकबाकीसाठीसुद्धा लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबल्याशिवाय दावा लावता येत नाही. एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवलाच्या (म्हणजे भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेल्या भांडवलाच्या) कंपन्यांना हे संरक्षण नाही, पण आमच्या गल्लीत तेवढे भांडवल कोणाकडे आहे!

खरी मेख अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'च्या कागदात आहे. तो बहुतेक जण न वाचताच सही करून देतात. त्याने जागा वापरण्याची केवळ परवानगी मिळते, भाडेकरूचे संरक्षण मिळत नाही आणि मुदतीनंतर गाळा सोडावाच लागतो; मात्र तेव्हाही माल हलवण्यासाठी वाजवी अवधी देणे १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने बंधनकारक आहे. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारीही कलम ५५ ने मालकावरच टाकली आहे.

बेकायदा ताबा गेलेल्या भाडेकरूला विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मिळवण्यासाठी सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो, हे शेजाऱ्याला कोणी सांगितले नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने इतवारी, महाल आणि सीताबर्डीत दुकानदारांसाठी या विषयावर शिबिरे घ्यावीत आणि ती बाजाराच्या सुटीच्या दिवशी ठेवावीत, एवढी विनंती आपल्या पत्रातून पोहोचवावी.

आपला,
एक दुकानदार, इतवारी, नागपूर