हीट नंबर सात

कोल्हापूर,
मंगळवार, रात्री साडेदहा

प्रिय दत्तू,

सप्रेम नमस्कार वगैरे. चार वर्षांनी लिहितोय, तेही खिशात फोन असताना, म्हणजे काहीतरी घोळ आहे हे तू ओळखलं असशीलच. फोन तीनदा हातात घेतला. एकदा लावलाही आणि रिंग जायच्या आत बंद केला. फोनवर तू लगेच हसायला लागतोस, मग मला बोलायचं असतं ते राहतं बाजूला आणि भांडण सुरू होतं. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही.

तब्येत बरी आहे. गुडघा होता तिथंच आहे, साखर काठावर. मंगल महिनाभर बंगलोरला पल्लूकडं आहे.

आता मुद्दा. हसू नको मर्दा. मी केक करतोय. लिंबाचा. तीन आठवड्यांत सात झाले, सातवा आत्ता ओट्यावर जाळीवर गार होतोय. आणि करतोय कशात, तर तुझ्या ओव्हनमध्ये.

होय, तोच. तू पल्लूला मला न सांगता नऊ हजार दिलेस, त्यातून आलेला. ती बंगलोरला गेली तेव्हा मीच तो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला होता. भंगारात घालणार होतो, मंगलनं हात धरला. आता शनिवारी पल्लू येतेय, लग्नानंतर पहिल्यांदा. चार दिवसांसाठी, मंगलबरोबर. जावईबापूंना सुट्टी नाही म्हणे. तर गाद्या काढायला माळ्यावर चढलो आणि हे धूड हाताला लागलं. आत केकचं लांबट भांडं, वजनकाटा आणि तिची वही.

वही उघडायला नको होती, मान्य. पण उघडली.

पहिल्याच पानावर लिंबाचा केक. मैदा २०० ग्रॅम, साखर १८०, दही २००, तेल ११० मिली, अंडी तीन, बेकिंग पावडर दोन छोटे चमचे, चिमूटभर मीठ, लिंबाची साल. १७० अंशाला ५० मिनिटं. म्हटलं, १४०० अंशाला लोखंड ओतलेली माणसं आपण, १७० म्हणजे काय, आपल्या फर्नेसशेजारी चहाची किटली ठेवायची जागा.

दत्त्या, लेका, माझ्या पॅटर्न शॉपच्या तीस वर्षांत एवढं रिजेक्शन झालं नव्हतं.

हीट नंबर एक, म्हणजे पहिली ओतणी. बेकिंग पावडर संपली होती, डब्यात खायचा सोडा होता. दोन्ही पांढरे, दोन्ही फुगवतात, म्हणून दोन चमचे सोडाच घातला. सोडा पावडरीच्या तीन-चार पट जोरकस असतो हे नंतर कळलं. शिवाय दर दहा मिनिटांनी दार उघडून बघत होतो. बाहेर निघाला तेव्हा रंग तांब्याच्या हंड्याचा, चव अंगाच्या साबणाची, आणि मधे खड्डा. खड्डा बघून मला काय आठवलं सांगू? शिरोलीत आपण तो पंपाच्या बॉडीचा जॉब घेतला होता, जाड भागात दर वेळी श्रिंकेज यायचं, आणि तू म्हणायचास, साहेब, राईझर मोठा करा. आणि साहेब म्हणायचे, तू फर्नेस बघ. लोखंड कडेनं आधी गोठतं आणि मधलं शेवटी, म्हणून मधे बसतं, आणि राईझरमधलं जादा लोखंड तो खड्डा भरून काढतं. इथंही कड आधी शिजते, मधलं शेवटी, आणि ते धरायच्या आत दार उघडून गार हवा आत घातली की फुगलेलं सगळं खाली. केकला राईझर लावायची सोय नाही. दार बंद ठेवणं एवढंच आपल्या हातात.

दुसऱ्याला लक्ष्मीपुरीतनं पावडर आणली आणि पीठ असं घुसळलं की तालमीतल्या पोरांनी हौद्यातली माती उकरावी. कापला तर आत उभी भोकं, आणि चावायला सायकलची ट्यूब. मैदा ओला झाल्यावर जितका मळशील तितका त्याला चिवटपणा सुटतो. चपातीला तो हवा, केकला नको. मैदा पडला की उलथन्यानं खालून वर, आठ-दहा वेळा, थोड्या गुठळ्या राहिल्या तर राहू देत. वहीत हे लिहिलं होतं. खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी वाचलं नव्हतं.

तिसरा कोरडा. विणायची सुई घालून बघत होतो आणि सुईला कण चिकटला की अजून पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं, असं करत सव्वा तास ठेवला. एखादा-दुसरा कण चिकटत असतानाच काढायचा असतो, बाहेर आल्यावर आतल्या उष्णतेनं तो पुढं शिजतोच. हेही आपल्याला कळायला हवं होतं. आपण काय कास्टिंग लाल असताना मोजत होतो?

चौथ्यात मी अक्कल चालवली. म्हटलं, कोल्हापूरचा माणूस आणि साखर? गूळ घातला. केक उत्तम झाला, पण लिंबाचा नाही. गुळापुढं लिंबानं पहिल्याच डावात पाठ टेकली. तालमीतल्या पोरांना आवडला, पण त्यांचं काय, त्यांना तो साबणाचापण आवडला होता. बाळूचा पोरगा म्हणाला, काका, पुढचा कधी?

पाचवा कडू. ह्याचं कारण सापडायला दोन दिवस गेले. लिंबाचा वास रसात नसतो, सालीत असतो. रस आंबट करतो तेवढंच. सालीच्या पिवळ्या थरात तेल असतं, ते साखरेत बोटांनी चोळायचं, साखर ओलसर होते आणि अख्ख्या स्वयंपाकघराला वास सुटतो. पण पिवळ्याच्या खाली पांढरं लागलं की संपलं, नुसता कडवटपणा. आणि आपलं कागदी लिंबू नावाप्रमाणंच कागदी. किसणीवर एकदा फिरवलं की पिवळं संपून पांढरं. इंग्रजीत ज्याला लेमन म्हणतात ते मुळात आपलं कागदी लिंबू नव्हेच, ते वेगळं फळ, जाड सालीचं. कपिलतीर्थ मंडईत मी मावशीला जाड सालीचं लिंबू मागितलं तर ती म्हणाली, दादा, सगळी पातळ सालीचं मागत्यात, तुम्ही उलटं काय? सहाव्याला दहा कागदी लिंबं घेतली आणि दाढी केल्यासारखी हलक्या हातानं किसली. बरा झाला. पण ओलसर नाही.

आणि पल्लूचा तो ओलसर असायचा, दत्तू. दुसऱ्या दिवशीही. तू खाल्ला आहेस, लॉकडाऊनमध्ये मास्क हनुवटीखाली ओढून दारात उभा राहून खाल्लास. मी तेव्हा पेपर वाचत होतो.

त्याचं निम्मं गुपित पहिल्या पानावरच होतं. लोणी नाही, तेल. लोणी गार झालं की थिजतं, या थंडीत तर दगड होतं, तेल तसंच राहतं. दही घट्ट (मी गंगावेशीतनं धारेचं म्हशीचं दूध आणून घरी लावतो, त्यात तडजोड नाही). उरलेलं पान उलटल्यावर मिळालं, केक गरम असतानाच सुईनं भोकं पाडून त्यावर लिंबाचा पाक, ६० मिली रस, ६० ग्रॅम साखर, चमच्या-चमच्यानं. एकदम ओतला तर खाली तळात बसतो.

पण मी पत्र लिहितोय ते ह्यासाठी नाही. पाकाच्या खाली तिनं एक तक्ता आखलाय. आपल्या इन्स्पेक्शन रिपोर्टसारखा. तारीख, काय बदललं, कोण काय म्हणालं. मी एक ओळ तशीच उतरवतो.

"१४ मे. दही वाढवलं. आई – छान. बाबा – काही बोलले नाहीत. तीन तुकडे खाल्ले."

खाली, "२ जून. तेल कमी. आई – मागचा बरा होता. बाबा – काही बोलले नाहीत. एक तुकडा."

असे अकरा केक. अकरा वेळा मी काही बोललो नाही आणि अकरा वेळा ती माझे तुकडे मोजत होती. त्यावरून ती माप ठरवत होती, मर्दा. त्या घरात बोलणारी तोंडं होती, मंगल होती, तू होतास, आणि पोरगी गेज लावत होती ते माझ्या बशीला. त्या अकरांनंतरच्या शेवटच्या दोन नोंदींत बाबांचा रकानाच नाही. तारीख बघितली. आपण गणपतीत तालमीसमोर भांडलो त्याच्या नंतरच्या आठवड्यातली.

त्या भांडणाबद्दल. तुला पोरगी नाही, तुला काय कळतंय, असं मी बोललो. सगळ्यांसमोर बोललो. वहिनी मांडवात होत्या हे मला नंतर कळलं. ते बोलायला नको होतं. झालं. पण तूही मला सांगायला पाहिजे होतंस, लेका. घरात ओव्हन आला आणि मी विचारलं कुठनं आला, तर पोरगी म्हणते हप्त्यावर. माझ्याच घरात मी एकटा येडा. आणि २०१४ ला रंकाळ्यावर तू म्हणालास, तिला बेकरीचं शिकायचं असेल तर शिकू दे, इंजिनिअर गल्लीला दहा आहेत, तेव्हा मी तुला घरी निघून जा म्हटलं होतं. तू गेला नाहीस, भेळ खात बसलास. तुझं तेव्हाही बरोबर होतं. ही ओळ वहिनींना वाचून दाखवू नको.

आता खरी काळजी. शनिवारी ती येणार, दुपारपर्यंत. टेबलावर केक ठेवायचा की नाही? ठेवला तर तिला कळणार मी वही वाचली. कारण हा तिचाच केक, तिचंच माप, दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. आणि ती आता धंदा करते, आठवड्याला चाळीस-पन्नास केक जातात म्हणे, तिच्यापुढं माझा हा ठेवायचा म्हणजे खासबागेत कुस्तीला लंगोट न बांधता उतरायचं. नाही ठेवला तर आधीसारखंच. मी पेपर वाचणार, ती मंगलशी बोलणार, मंगळवारी गाडीत बसणार.

मंगलला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती पल्लूला सांगणार, पल्लू तयारीनं येणार. आरशापुढं बोलून बघितलं. "पल्लू, हा मी केला." बास, एवढंच. त्याच्या पुढं जमत नाही. आप्पांनी मला आयुष्यात एकदा शाबास म्हटलं, तेही मी कोअर बॉक्स सरळ बसवला तेव्हा, आणि माझ्याकडं बघून नाही, बॉक्सकडं बघून. आपल्याकडं हे खातंच कुणी उघडलं नाही. तू तुझ्या संग्रामशी बोलतोस ते कसं बोलतोस? सरळ विचारतोय, टिंगल नाही.

तू म्हणशील, केक ठेव, बोलू नको, ती मोजेल. हेच म्हणशील ना? मीही तिथंच येऊन थांबलोय. फक्त या वेळी तुकडे तिचे आणि मोजणारा मी. तिनं एकच खाल्ला तर?

संग्रामचं कळलं, अभिनंदन. वहिनींचा मोतीबिंदू झाला म्हणे, नीट झाला ना? ऊस गेला का कारखान्याला? यंदा तोड वेळेवर मिळाली तर नशीब. विहिरीचं काम झालं असेल. पुढच्या वेळी सविस्तर लिहितो.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, बाळूच्या पोराकडं देतो, तो रोज वडापच्या जीपनं गारगोटीला येतो-जातो. काम असं की तुझ्या परसातल्या ईडलिंबाला या दिवसांत फळ असतं. जाड सालीचं, खडबडीत, मला तेच पाहिजे. चार पाठव. साल न दुखवता, एकेक कागदात गुंडाळून. हा केक दुसऱ्या दिवशी चढतो, पाक आत मुरतो, म्हणजे शुक्रवारी दुपारी भट्टी पेटवली पाहिजे. म्हणजे गुरुवारी संध्याकाळपर्यंत लिंबं हातात पाहिजेत. पोराच्या भरवशावर सोडायचं नसलं तर तूच घेऊन ये. गाद्या काढल्यातच.

तुझा,
शिवा

ता. क. सातव्याचा तुकडा आत्ता खाल्ला, गरम होता, काही कळलं नाही. सकाळी खाऊन मगच पाकीट बंद करतो.

बुधवार, सकाळी सहा. ओलसर आहे. अगदी तसाच आहे. पण मागून किंचित कडू येतो. लिंबं पाठवच.