१३ फेब्रुवारीच्या प्रसारणाबद्दल

सभासद मंडळी, नमस्कार.

परवा १३ तारीख, जागतिक रेडिओ दिवस. सकाळी ६ ते रात्री १० कार्यक्रम ठरल्याप्रमाणे. पहाटेचे अभंग आणि जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित आहेत. संध्याकाळचे पोवाडे मात्र थेट, म्हणून डफ-तुणतुणेवाल्यांनी ४ वाजताच यावे. गेल्या वर्षी सूर जुळवणेच श्रोत्यांना दहा मिनिटे ऐकवले, तेवढे पुरे.

बातम्यांचे पुन्हा सांगतो, कारण दरवेळी कोणीतरी विसरते. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावायचे, मध्ये आपला शब्द घालायचा नाही. हवामान, वाहतूक, पाणीपुरवठा, परीक्षा, सांस्कृतिक कार्यक्रम ही माहिती नियमात बातमी धरत नाहीत, ती खुशाल सांगा. लक्ष्मी रस्ता बंद आहे, हे चालेल. तो कोणामुळे बंद आहे, यावरचे मत चहाच्या टपरीवर.

आपले केंद्र कोथरूडला, प्रसारणशक्ती १०० वॅट. साधारण ८-१० किलोमीटरपलीकडे भरवसा नाही. निगडीच्या आत्याबाईंना 'लागत कसं नाही' हे फोनवर समजावत बसू नका, ध्वनिमुद्रण नंतर पाठवू.

निवेदकांनी पाळीच्या अर्धा तास आधी हजर राहावे. दुपारी १ ते ४ची पाळी अजून रिकामीच आहे (पुण्यात ती वेळ कोण मागणार म्हणा!). दोघे हवेत. नावे आज रात्रीपर्यंत गटावर टाका. स्टुडिओत चहा नेऊ नये, मोबाइल बाहेरच्या टेबलावर.

– कार्यक्रम समिती